रोलर बेअरिंग हातोड्याने का बसवू नये?

"टनावारी भार वर्षानुवर्षे सोसणारे हे पोलाद. ते बसवताना हातोड्याचे चार ठोके पडले, तर असे काय बिघडणार?" देखभाल विभागात नव्याने आलेला शिकाऊ कामगार हा प्रश्न हमखास विचारतो, आणि कारखान्याशी संबंध नसलेल्या वाचकालाही तो पटण्यासारखा वाटतो. त्याचे उत्तर देताना आणखी एका समजुतीचा विचार करावा लागतो. बेअरिंगची काळजी हा यंत्राचा विषय आणि कामगाराची सुरक्षितता हा वेगळा विषय, असे अनेक कारखान्यांत मानले जाते. एकाची नोंद देखभाल विभागाच्या वहीत होते, दुसऱ्याची सुरक्षा अधिकाऱ्याच्या. या प्रकरणाचे म्हणणे असे की हे दोन्ही विषय एकच आहेत. ज्या ठोक्याने बेअरिंगचे आयुष्य घटते त्याच ठोक्याने माणसाचा डोळा जाऊ शकतो, आणि बेअरिंग वाचवणारी पद्धत माणसालाही वाचवते. कारण दोन्हीकडे चूक एकच होते. जिथे माप घ्यायचे तिथे जोर लावला जातो.

१. आत काय असते?

उदाहरणासाठी साखर कारखान्याच्या बॉयलरवरचा आयडी फॅन घेऊ. बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, जळून तयार होणारे वायू भट्टीतून ओढून चिमणीकडे लोटणारा हा अवजड पंखा. त्याचा शाफ्ट दोन्ही टोकांना प्लमर ब्लॉकमध्ये, म्हणजे बेअरिंगच्या घरात, बसवलेल्या बेअरिंगांवर फिरतो. अशा ठिकाणी बहुधा स्फेरिकल रोलर बेअरिंग वापरतात. त्यात शाफ्टवर बसणारी इनर रेस, घरात बसणारी आउटर रेस, त्यांच्यामध्ये पिंपाच्या आकाराच्या रोलरांच्या दोन रांगा आणि रोलरांमध्ये अंतर राखणारा केज असे चार भाग असतात. आउटर रेसची आतली बाजू गोलाच्या पृष्ठासारखी वळलेली असल्याने शाफ्ट किंचित वाकला किंवा दोन ब्लॉक अगदी एका रेषेत नसले, तरी बेअरिंग ते सांभाळून घेते. ही रचना स्वीडनमधील अभियंता आर्विड पामग्रेन यांनी १९१९ मध्ये एसकेएफ कंपनीत केली, आणि अवजड यंत्रांत ती आजही चालते.

बेअरिंगवर कोरलेला क्रमांकही वाचता येतो. २२२२० या क्रमांकातले शेवटचे दोन अंक २०. त्यांना ५ ने गुणले की बोअरचा, म्हणजे मधल्या भोकाचा, व्यास मिळतो, १०० मिलिमीटर. क्रमांकानंतर 'के' असेल तर बोअर निमुळता असतो. 'सी३' असेल तर आतला क्लिअरन्स नेहमीपेक्षा जास्त ठेवलेला असतो. क्लिअरन्स म्हणजे रोलर आणि रेस यांच्यामधली मोकळी जागा. १०० मिलिमीटर निमुळत्या बोअरच्या सी३ बेअरिंगमध्ये ती ११० ते १४० मायक्रॉन असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पुढचे सगळे विवेचन या मोकळ्या जागेभोवती फिरणार आहे, म्हणून हा आकडा लक्षात ठेवावा.

२. ठोका जातो कुठे?

बेअरिंगच्या पोलादात साधारण १ टक्का कार्बन आणि १.५ टक्के क्रोमियम असते. उष्णतेची प्रक्रिया देऊन ते अतिशय कडक केलेले असते. पण कडकपणा वाढला की ठिसूळपणाही वाढतो. साध्या लोखंडावर ठोका मारला तर ते दबते. बेअरिंगच्या रेसवर हातोडा थेट पडला तर तिची कपची उडू शकते, आणि ती कपची धारदार असते, वेगात असते. तिची दिशा कोणालाच आधी सांगता येत नाही. माणसाला असलेला धोका तो हा.

यंत्राला असलेला धोका डोळ्यांना दिसत नाही. इनर रेस शाफ्टवर घट्ट बसायची आहे आणि ठोका आउटर रेसवर मारला, असे समजा. तो धक्का आउटर रेसमधून रोलरांत आणि रोलरांतून इनर रेसमध्ये जातो. रोलर रेसला एका बारीक रेषेत टेकतो, त्यामुळे सगळे बळ अत्यंत लहान क्षेत्रावर एकवटते आणि रेसच्या धावपट्टीवर, म्हणजे रोलर जिच्यावरून फिरतो त्या पृष्ठावर, खळगा पडतो. तो काही मायक्रॉन खोल असेल. पण यंत्र चालताना रोलर आणि रेस यांना वेगळे ठेवणारा तेलाचा थर मायक्रॉनभर किंवा त्याहूनही पातळ असतो. खळग्याच्या काठावर तो थर तुटतो, धातूला धातू घासतो आणि प्रत्येक फेऱ्यात त्याच जागी हादरा बसतो. कालांतराने तिथून पापुद्रे निघू लागतात.

यातून पहिला नियम निघतो. बळ नेहमी घट्ट बसणाऱ्या रेसवरच द्यावे, रोलरांमधून कधीही जाऊ देऊ नये. लहान बेअरिंगांसाठी घट्ट रेसवर सगळीकडून सारखी टेकणारी नळी मिळते. तिच्या टोकावर हातोडा मारला तर चालतो, कारण तेव्हा बळ सरळ आणि योग्य रेसवर जाते. अवजड यंत्रांतल्या बेअरिंगांना मात्र इतके बळ लागते की हा मार्ग पुरत नाही. ते इतके का लागते हे समजण्यासाठी घट्टपणाचे गणित पाहू.

३. घट्टपणाचे गणित

फिरणाऱ्या शाफ्टवर इनर रेस सैल बसली तर ती शाफ्टवर घसरत राहते आणि शाफ्ट झिजवते. म्हणून शाफ्ट बोअरपेक्षा मुद्दाम किंचित मोठा करतात. सरळ बोअरच्या १०० मिलिमीटर बेअरिंगसाठी शाफ्ट 'एम६' मापाचा केला तर तो १०० मिलिमीटरपेक्षा १३ ते ३५ मायक्रॉनने मोठा असतो. बेअरिंगचा बोअर १०० किंवा त्याहून २० मायक्रॉनपर्यंत लहान असू शकतो. म्हणजे दोन्ही टोकांची मापे एकत्र आली तर शाफ्ट बोअरपेक्षा ५५ मायक्रॉनने मोठा निघतो. हा फरक मोडून थंड बेअरिंग ठोकत चढवायचे, तर शाफ्टवर ओरखडे पडतात, रेस तिरकी अडकते आणि मग ती सरळ करण्यासाठी आणखी ठोके पडतात.

याला उपाय उष्णतेचा. खेड्यातला लोहार बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवतो तेव्हा ती आधी तापवतो, प्रसरण पावलेली धाव चाकावर सहज उतरते आणि गार झाली की चाकाला घट्ट धरते. बेअरिंगचे तत्त्व तेच आहे. फरक इतकाच की इथे तापमान मोजून ठरवावे लागते. पोलादाची लांबी दर अंश सेल्सिअसला १० लाखांत सुमारे १२ भाग वाढते. १०० मिलिमीटर बोअर ८० अंशांनी तापवला तर वाढ १०० × ०.००००१२ × ८०, म्हणजे ०.०९६ मिलिमीटर होते. ५५ मायक्रॉनचा सर्वांत वाईट फरक वजा केला तरी ४१ मायक्रॉन मोकळीक उरते. कारखान्यात ३० अंश तापमान असेल तर बेअरिंग ११० अंशांपर्यंत नेले की काम भागते, ठोका लागतच नाही. बेअरिंग शाफ्टच्या खांद्याला टेकले की ते गार होईपर्यंत तिथे दाबून धरावे, कारण गार होताना रेस रुंदीतही आकसते आणि खांद्यापासून मागे सरते. मग फिलर गेजची बारीक पट्टी घालून खांद्याशी फट नाही ना, हे तपासावे.

४. किती तापवायचे आणि कशाने?

११० अंश पुरतात, तर १६० ला नेले की काम आणखी सोपे होईल, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण बेअरिंगचे पोलाद ठरावीक तापमानापुढे गेले तर त्याची रचना आणि मापे बदलू शकतात आणि कडकपणा उतरतो. म्हणून बसवताना बेअरिंग १२० अंशांपुढे नेऊ नये, असा सर्वसाधारण दंडक आहे. गॅसच्या ज्योतीने हा दंडक पाळणे अशक्य आहे. ज्योत जिथे लागते तिथे पोलाद काही सेकंदांत मर्यादेपलीकडे जाते आणि शेजारचा भाग थंडच राहतो.

तेलाच्या भांड्यात तापवण्याची पद्धत जुनी आहे. तापमान सारखे राहते हा तिचा गुण. पण गरम तेल सांडते, वाफा निघतात, पेट घेण्याचा धोका असतो आणि तळाचा गाळ बेअरिंगमध्ये शिरतो. इंडक्शन हीटर या सगळ्यांपेक्षा चांगला. त्यात चुंबकीय क्षेत्रामुळे बेअरिंगमध्येच विद्युतप्रवाह निर्माण होऊन ते तापते. तापमान मोजणारा प्रोब इनर रेसवर लावावा, कारण आधी तापते ती तीच. शेवटी बेअरिंगमधले चुंबकत्व काढून टाकावे, नाहीतर लोखंडाचे कण त्याला चिकटून राहतात. ज्यांच्या छातीत पेसमेकर आहे त्यांनी या हीटरजवळ जाऊ नये. ११० अंशांचे बेअरिंग दिसायला थंड बेअरिंगसारखेच असते. म्हणून उष्णतारोधक, कोरडे हातमोजे घातल्याशिवाय त्याला हात लावू नये. सुती चिंध्या तर मुळीच वापरू नयेत. त्या भाजण्यापासून वाचवत नाहीत, शिवाय त्यांचे धागे बेअरिंगमध्ये राहतात.

५. निमुळता बोअर : १५ मायक्रॉनची खिडकी

आयडी फॅनसारख्या यंत्रांत पुष्कळदा निमुळत्या बोअरचे बेअरिंग स्लीव्हवर, म्हणजे शाफ्टवर चढवलेल्या निमुळत्या नळीवर, बसवतात. लॉकनट आवळला की बेअरिंग स्लीव्हच्या उतारावर पुढे सरकते, इनर रेस ताणली जाते आणि आतला क्लिअरन्स कमी होतो. इथे घट्टपणा फिटरच्या हातात असतो, म्हणून चूक होण्याची शक्यताही इथे सर्वांत जास्त असते. १०० मिलिमीटर बोअरसाठी क्लिअरन्स ४५ ते ६० मायक्रॉनने कमी करावा, अशी शिफारस असते. म्हणजे बसवण्यापूर्वी १२० मायक्रॉन मोजला असेल तर बसवल्यावर ६० ते ७५ उरला पाहिजे. त्याहून जास्त उरला तर रेस स्लीव्हवर घसरेल. कमी उरला तर यंत्र तापल्यावर इनर रेस आणखी फुगेल, उरलेली जागाही संपेल आणि रोलर दोन्ही रेसच्या कचाट्यात सापडतील.

मोजण्याची रीत अवघड नाही. बेअरिंग बाकावर उभे ठेवून इनर रेस दोन-चार वेळा फिरवावी म्हणजे रोलर आपापल्या जागी बसतात. मग सर्वांत वरचा रोलर आणि आउटर रेस यांच्यात फिलर गेज घालावे. शाफ्टवर चढवल्यावर आउटर रेस खाली लोंबते, तेव्हा माप सर्वांत खालच्या रोलरपाशी घ्यावे. दोन्ही वेळा रोलरांच्या दोन्ही रांगा मोजाव्यात. नट आवळताना मधूनमधून पुन्हा मोजावे. बोअरचा उतार १२ ला १ असतो, म्हणजे बेअरिंग ०.६ मिलिमीटर पुढे सरकले तर हिशेबाने ०.०५ मिलिमीटर फुगायला हवे. प्रत्यक्षात पृष्ठभागांची खरखर दबण्यात आणि स्लीव्ह आकसण्यात काही भाग जातो, म्हणून ०.७ ते ०.९ मिलिमीटर सरकवावे लागते. शेवटी लॉक वॉशरचा कान नटच्या खाचेत वाकवावा. खाच समोर येत नसेल तर नट किंचित पुढे आवळावा, मागे सैल करू नये.

माप चुकले तर किंमत किती, याचाही अंदाज बांधता येतो. रोलर बेअरिंगचे आयुष्य भाराच्या १०/३ या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलते. म्हणजे भार दुप्पट झाला की आयुष्य सुमारे एक दशांशावर येते. हिशेबाने ६०,००० तास चालणाऱ्या बेअरिंगवर चुकीच्या बसवणीमुळे दुप्पट भार आला, तर ते ६,००० तासांवर येईल. १५० दिवसांचा गाळप हंगाम अहोरात्र चालला तर ३,६०० तास होतात. १६ हंगामांचे बेअरिंग मग दोन हंगामही पुरत नाही.

असा नको असलेला भार आणखी एका वाटेने येतो. २ मीटर लांबीचा शाफ्ट ४० अंशांनी तापला की जवळजवळ १ मिलिमीटरने लांबतो. म्हणून दोनपैकी एकच बेअरिंग घरात जागच्या जागी जखडावे आणि दुसऱ्याला सरकायला मोकळीक ठेवावी. दोन्ही जखडली तर वाढलेला शाफ्ट दोघांनाही आडवा रेटतो, आणि बसवताना घेतलेली सगळी काळजी वाया जाते.

६. माणूस कुठे सापडतो?

पहिला धोका यंत्र अचानक फिरण्याचा. वीज बंद केली म्हणजे फॅन थांबला, असे नसते. चिमणीच्या ओढीने आयडी फॅन आपोआप फिरू शकतो, आणि चढावरचा भरलेला कन्व्हेअर मागे येऊ शकतो. म्हणून वीज तोडून स्विचला कुलूप आणि नावाची पाटी लावावी. चावी काम करणाऱ्याच्याच खिशात राहावी. वायूच्या वाटेतली झडप, म्हणजे डँपर, बंद करावा आणि रोटर अडकण लावून पक्का करावा. चालत्या यंत्राच्या भागांना संरक्षक कुंपण हवे, हे आपल्याकडे कायद्यातच आहे. दुरुस्तीसाठी काढलेले कुंपण यंत्र सुरू करण्यापूर्वी परत बसवणे हाही बसवणीचाच भाग आहे.

दुसरा धोका वजनाचा. १०० मिलिमीटर बोअरचे २२२२० बेअरिंग सुमारे ५ किलोचे असते, ते एक माणूस उचलतो. ३०० मिलिमीटर बोअरच्या २३१६० चे वजन मात्र १०० किलोंच्या वर जाते. ते चेन ब्लॉक आणि पट्ट्यानेच उचलावे. स्फेरिकल बेअरिंगची आउटर रेस उचलताना तिरकी फिरते आणि बोटे चिरडते, म्हणून दोन्ही रेस एकमेकींना पट्टीने बांधून मगच उचलावे. हूक आणि पट्टा यांच्यामध्ये स्प्रिंग ठेवली तर गरम बेअरिंग शाफ्टच्या समोर आणताना धक्का बसत नाही आणि ते हाताने ढकलावे लागत नाही.

तिसरा धोका जुने बेअरिंग काढताना येतो. निमुळत्या बैठकीवर तेलाचा दाब देऊन बेअरिंग सोडवतात तेव्हा ते एकदम उसळून बाहेर येते. म्हणून लॉकनट पूर्ण काढू नये. काही आटे सैल करून तिथेच ठेवला की तो बेअरिंगला अडवतो. दाबाखालचे तेल गळते आहे का, हे हाताने चाचपू नये. बारीक धार कातडी भेदून आत शिरते आणि ती इजा वरून किरकोळ दिसली तरी गंभीर असते. पुलर लावला असेल तर त्याच्या समोर कोणी उभे राहू नये. गॅसने कापून काढायची सवय तर सोडलीच पाहिजे. ताणाखालची रेस तापताच फुटून तुकडे उडू शकतात. काही सिलांमध्ये फ्लोरोइलॅस्टोमर हा रबरासारखा पदार्थ असतो, तो ३०० अंशांपुढे गेला की विषारी वायू सोडतो. जळलेल्या सिलाचा अवशेष थंड झाल्यावरही उघड्या हाताने उचलू नये. धुतलेले बेअरिंग दाबाच्या हवेने गरागरा फिरवणे हा काही जणांना खेळ वाटतो. वंगण नसलेले बेअरिंग त्या वेगात फुटून रोलर बाहेर फेकले जाऊ शकतात. हवा मारायची तर दोन्ही रेस हाताने घट्ट धरूनच मारावी.

७. स्वच्छता आणि ग्रीस

नवे बेअरिंग बसवण्याच्या क्षणापर्यंत वेष्टनातच राहू द्यावे. त्यावरचे गंजरोधक तेल बहुतेक ग्रीसांशी जुळते, म्हणून ते धुऊन काढण्याची गरज नसते. फक्त बोअर आणि बाहेरची बाजू स्वच्छ कापडाने पुसावी. घामट हाताचा ठसाही गंज सुरू करायला पुरतो. प्लमर ब्लॉकमध्ये बेअरिंगच्या आतली जागा ग्रीसने पूर्ण भरावी, पण घरातली मोकळी जागा साधारण एक तृतीयांश ते निम्मीच भरावी. ग्रीस जास्त झाले तर ते घुसळले जाऊन तापते. शेजारी वेल्डिंग करायचे असेल तर अर्थिंगची जोडणी अशी करावी की प्रवाह बेअरिंगमधून जाणार नाही, नाहीतर रोलर आणि रेस यांच्यात ठिणग्या पडून धावपट्टी खराब होते. हंगाम संपल्यावर यंत्र महिनोन्‌महिने उभे राहते, तेव्हा शेजारच्या कंपनांनी एकाच जागी रोलरचे ठसे उमटतात. म्हणून शाफ्ट अधूनमधून फिरवून वेगळ्या स्थितीत ठेवावा.

८. तीन आक्षेप

पहिला आक्षेप असा : "आम्ही वर्षानुवर्षे हातोड्यानेच बसवतो आणि बेअरिंग चालतात." काही चालतात, हे खरे आहे. बेअरिंगचे जाहीर आयुष्य म्हणजे १०० पैकी ९० बेअरिंग ज्या तासांपर्यंत टिकतील तो आकडा, म्हणजे तो समूहाचा हिशेब असतो. एखादे बेअरिंग निभावले म्हणून पद्धत बरोबर ठरत नाही. शिवाय ठोका ऑक्टोबरमध्ये बसतो आणि बेअरिंग फेब्रुवारीत जाते. मधल्या महिन्यांमुळे कारण आणि परिणाम यांचा दुवा तुटतो, आणि दोष बेअरिंगच्या कंपनीवर, ग्रीसवर किंवा नकली मालावर जातो. नकली बेअरिंग बाजारात असतात, ग्रीसही चुकते. पण बसवतानाचे माप लिहून ठेवलेले नसेल तर खरे कारण शोधण्याचा रस्ताच बंद होतो.

दुसरा आक्षेप वेळेचा. हंगामात बॉयलर थांबवून मापे कोण घेत बसणार? हा ताण खोटा नाही. आयडी फॅन थांबला की बॉयलर थांबतो, बॉयलर थांबला की गाळप थांबते. तोडलेला ऊस पडून राहिला की त्याचे वजन आणि साखर दोन्ही घटतात, आणि गव्हाणीपुढे गाड्यांची रांग लागते. पण याच कारणासाठी फॅन हंगामात दुसऱ्यांदा थांबणे परवडत नाही. पाच किलोचे बेअरिंग इंडक्शन हीटरवर काही मिनिटांत तापते, फिलर गेजचे माप घ्यायलाही मिनिटेच लागतात. तिरके अडकलेले बेअरिंग काढून खरचटलेला शाफ्ट दुरुस्त करायला मात्र पाळ्या जातात. घाईच्या वेळी मोजण्याची गरज वाढते, कमी होत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत आदराने ऐकावा असा आहे : "अनुभवी फिटरचा हातच माप असतो." अनुभवाचे मोल मोठे आहे. आवाजातला फरक, ग्रीसचा बदललेला रंग, संशयास्पद वाटणारे माप हे अनुभवी माणसालाच आधी कळते. पण ४५ आणि ६० मायक्रॉनमधला फरक कोणत्याही हाताला कळत नाही. फिलर गेज फिटरच्या कौशल्यावर शंका घेत नाही. त्याला दिसू न शकणारी गोष्ट ते त्याला दाखवते. राहिला हीटरच्या किमतीचा प्रश्न. ज्या कारखान्यात अशी डझनावारी बेअरिंग आहेत तिथे त्याची किंमत चुकीने गेलेल्या बेअरिंगांशी, थांबलेल्या गाळपाशी आणि जखमी माणसाच्या उपचारांशी ताडून पाहावी.

म्हणून देखभालीची जबाबदारी असलेल्या प्रत्येकाने तीन गोष्टी आजच ठरवाव्यात. स्विचला स्वतःचे कुलूप लावल्याशिवाय बेअरिंगला हात लावायचा नाही. तापमान आणि क्लिअरन्स मोजल्याशिवाय ते बसवायचे नाही. बसवण्यापूर्वीचे आणि नंतरचे माप तारखेसह वहीत लिहिल्याशिवाय काम पूर्ण झाले असे म्हणायचे नाही. यासाठी लागतात एक कुलूप, एक हीटर, एक फिलर गेज आणि एक वही. एवढी तयारी फिटरच्या हाती देणे हे व्यवस्थापनाचे कर्तव्य आहे. ते पार पाडल्याशिवाय निष्काळजीपणाचा दोष त्याच्यावर ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही.